बादलीवरची पालथी पळी

१

आर्वो तुओमिनेन मेला शनिवारी संध्याकाळी आणि सापडला रविवारी सकाळी आठला. मधले चौदा तास तो आपल्याच परसातल्या सॉनात, म्हणजे गरम वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, वरच्या बाकावर एकटाच पडून होता. भट्टी कधीच विझली होती. बाहेर उणे वीस.

शेजारची औने साल्मी दर रविवारी त्याला वेलदोड्याचा पाव नेऊन द्यायची. घर उघडं, कॉफी थंडगार, माणसाचा पत्ता नाही, म्हणून ती मागे गेली. सॉनाचं दार ओढलं आणि पाव तिथंच टाकून किंचाळत सुटली.

लेम्पी हार्यू पोचली तेव्हा औने पायरीवर बसून थरथरत होती.

"अगं, कालपर्यंत ठणठणीत होता गं! दुपारी हाक मारून म्हणाला, उद्या सभेला जरा लवकर ये, पुढं बस, मजा येणार आहे."

"मजा?"

"असंच म्हणाला. आर्वो आणि मजा! मला वाटलं थट्टा करतोय."

लेम्पी काउंटीची कॉरोनर होती. कुणी अवचित मेलं की जाऊन बघायचं, कशानं मेलं ते लिहायचं आणि खाली सही करायची. त्याआधी तीस वर्षं ती सालो क्रॉसिंगच्या सहकारी दवाखान्यात नर्स होती. मेलेल्या माणसांची तिला कधी भीती वाटली नाही. जिवंत माणसांची मात्र आताशा वाटायला लागली होती, विशेषतः ही मतदानाची भानगड सुरू झाल्यापासून.

ती आत गेली. सगळं कसं नीटनेटकं होतं. भट्टीशेजारी बर्चची लाकडं रचलेली, वर पेटवणाला सालीचं भेंडोळं. बादली काठोकाठ भरलेली, पाण्यावर बर्फाची पातळ साय. बादलीच्या काठावर लाकडी पळी पालथी घातलेली. भिंतीवरचा खिळा रिकामा. तिला क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. म्हातारा एक्याऐंशीचा, हृदय नाजूक, त्यात गरम सॉना. लिहायचं काय, हे सरळच दिसत होतं.

मग तिनं त्याचा उजवा हात उलटा केला. तळव्यात खोलवर एक कुसळ रुतलं होतं, बोटभर लांब आणि लालसर.

आर्वोकाकांनी बाक बांधले होते ते फिकट, पांढुरक्या लाकडाचे. लाल लाकूड त्या खोलीत एकाच गोष्टीचं होतं. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

सॉनाच्या दाराला कुणी कडी लावत नाही आणि दार नेहमी बाहेरच उघडतं. आतल्या माणसानं नुसता खांदा लावला तरी ते उघडायला हवं. असं दार एका म्हाताऱ्यानं हाताला कुसळ घुसेपर्यंत का ढकलावं? लेम्पीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

काका सहकारी आरोग्य संस्थेचे सचिव होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला सभासदांची यादी मिळाली. एक्केचाळीस नावांपुढं पेन्सिलीची खूण होती आणि खाली काकांचं थरथरतं अक्षर: 'स्वतः जाऊन विचारलं. एकालाही पत्र आलेलं नाही.'

२

वकील कॉर्टलँड प्राइस तिला रस्त्यातच भेटला. मोठ्या शहरातल्या विमा कंपनीचा माणूस. गुळगुळीत दाढी, पायात शहरी बूट, आणि त्या बुटांनी बर्फात दोनदा घसरला होता.

"फार वाईट झालं बाई. सद्गृहस्थ होते. सही केव्हा करताय?"

"एवढी घाई कसली?"

"दोन वाजता सभा आहे म्हणून विचारतोय." त्यानं घड्याळ पाहिलं. "कायदा तुम्हाला ठाऊकच असेल."

"मी नर्स होते साहेब, वकील नाही. मला समजेल असं सांगा."

त्यानं सांगितलं. सहकारी आरोग्य संस्थेला विमा कंपनी व्हायचं असेल तर राज्याच्या कायद्यानं तीन गोष्टी लागतात. सभासद-घरामागं एक मत, आणि दोन-तृतीयांश मतं बाजूनं. सभेच्या तीस दिवस आधी प्रत्येक घरी टपालानं नोटीस. आणि ती नोटीस प्रत्येकाला पाठवली, असं सचिवाचं शपथपत्र. तिन्ही असली तरच विमा आयुक्त कागदाला हात लावतात.

"आणि सचिवच मेला तर?"

"उपसचिवाची शपथ चालते. मृत्यू नैसर्गिक असला तर." तो जरा थांबला. "चौकशी लागली तर आयुक्तांचं ऑफिस कागद बाजूला ठेवतं. आणि आमची कंपनी महिनाअखेरीपलीकडे थांबणार नाही."

म्हणजे सगळं तिच्या सहीपाशी येऊन अडलं होतं.

"एका घराला नोटीस गेली नसेल तर?"

प्राइसचा चेहरा पडला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काल तुम्ही काकांकडे आला होतात. औनेनं गाडी पाहिली."

"चारला आलो, पावणेपाचला निघालो. दलदल रस्त्यावरच्या एक्केचाळीस घरांना पत्रंच गेली नाहीत, असं ते म्हणत होते. सभेत उभं राहून सांगणार होते. पाकिटं आम्ही छापून दिली बाई, मोजून. पुढं तुमच्या लोकांनी त्यांचं काय केलं मला माहीत नाही." त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "वर मला त्या भट्टीत बसवलं! म्हणे, आत बसून बोलू, आत कुणी खोटं बोलत नाही. दोन मिनिटांत माझा जीव घाबरा झाला. पळालो बाहेर."

"मग?"

"मग काय? म्हातारा हसत होता. मी गाडीत बसलो तेव्हा आतून त्याचं गाणं ऐकू येत होतं."

३

दवाखान्यात डॉक्टर गुन्नार एकलुंड खिडकीशी उभे होते. वीस वर्षं दर शनिवारी साडेपाचला ते काकांबरोबर सॉना घ्यायचे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"काल गेला नव्हतात?"

"नाही. भांडलो होतो. घरी बसून होतो. आणि नाही, मला कुणी पाहिलेलं नाही, तोच तुझा पुढचा प्रश्न ना?" ते वळले. डोळे लाल होते. "गेलो असतो तर कदाचित वाचला असता. हे मला जन्मभर पुरणार आहे, लेम्पी."

"भांडण मतदानावरून?"

"दुसरं काय आहे या गावात? आर्वोच्या बापानं आणि खाणीतल्या मजुरांनी हा दवाखाना उभा केला, म्हणून तो असाच राहिला पाहिजे. ठीक आहे! पण चार रोग्यांना नवं औषध हवंय आणि आपली संस्था ते देऊ शकत नाही. कंपनी देणार आहे, लिहून दिलंय त्यांनी." ते घुटमळले. "पहिलं नाव कुणाचं आहे, हे मी तुला सांगायला नको."

नकोच होतं. पहिलं नाव एलनचं होतं. लेम्पीच्या धाकट्या भावाची, रेइनोची बायको. बेचाळीस वर्षांची पोर, फुप्फुसं दगडासारखी घट्ट होत चाललेली, नाकात रात्रंदिवस प्राणवायूची नळी. औषध मिळालं तर दहा वर्षं, नाही मिळालं तर पुढचा हिवाळा दिसेल की नाही सांगता येत नाही.

"दलदल रस्त्यावर सगळे विरोधातले, नाही का?"

"एकूण एक. जुनी खोडं!" डॉक्टर म्हणाले. "ती आली तर ठराव पडतो. का विचारतेस?"

"पत्रं टपालात कुणी टाकली?"

"सह्या मी केल्या. गठ्ठे इथंच या कपाटात होते आठवडाभर. नेले..." ते थांबले. मग तिची नजर चुकवून म्हणाले, "हृदयविकार लिही, लेम्पी. मी डॉक्टर म्हणून सांगतो. तसंही शेवटी हृदयच बंद पडतं."

४

अकरा वाजता ती औनेला घेऊन पुन्हा सॉनात गेली. काकांना नेलं होतं. सॉनाआधी कपडे काढायची ती चिंचोळी खोली, तिच्यात भिंतीला लागून एक लांब बाक. लेम्पी गुडघ्यांवर बसली. बाकाच्या पायांपाशी फरशीवर दोन ताजे पांढरे ओरखडे होते.

"जरा धर गं त्या बाजूनं."

दोघींनी बाक आडवा फिरवला. एक टोक आतल्या दाराला टेकलं, दुसरं समोरच्या भिंतीला. मापानं बेतल्यासारखा बसला. आता आतून हत्तीनं ढकललं असतं तरी ते दार उघडलं नसतं.

"अरे देवा," औने पुटपुटली. "कोंडला त्याला! त्या शहरी मेल्यानंच. मी म्हणत होते ना, त्याची नजर बरी नाही!"

लेम्पी आत बघत होती. बादलीतली बर्फाची साय आता आणखी जाड झाली होती.

"औने, सॉना घेताना माणूस पाणी दगडांवर टाकतो. बादली रिकामी होत जाते. आर्वोकाका मधेच मेले, तर बादली काठोकाठ कशी?"

"शेवटी निघतो तो भरून ठेवतो. लाकडंही रचतो, पुढच्यासाठी. माझ्या नातवंडांनासुद्धा न सांगता कळतं हे."

"तेच म्हणतेय मी. शेवटी निघालेला माणूस काका नव्हते." लेम्पीचा आवाज खोल गेला. "कुणीतरी काकांना कोंडलं. नंतर दार उघडलं, त्यांना उचलून बाकावर नीट झोपवलं. आणि मग निघताना पाणी भरलं, लाकडं रचली. मुद्दाम नाही गं. सवयीनं. हात आपोआप चालले. तो वकील दोन मिनिटं आत टिकला नाही, त्याला कुठली ही सवय? हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय."

औनेनं तोंडावर हात धरला. बर्चच्या धुराचा जुना वास भिंतीत मुरलेला होता.

"काका पळी कुठं ठेवायचे?" लेम्पीनं हळूच विचारलं.

"पळी? त्या खिळ्याला. आम्ही सगळेच टांगतो. का गं?"

लेम्पी पळीकडे बघत राहिली. पळी बादलीवर आडवी, पालथी, दांडा दाराकडे. पालथी, म्हणजे आत कोळी पडत नाही. दांडा दाराकडे, म्हणजे येणाऱ्याच्या हाताला आधी लागतो. अशी ठेवलेली पळी तिनं साठ वर्षं पाहिली होती, आणि ती एकाच घरात. आई तशी ठेवायची. आई गेल्यावर लेम्पी तशी ठेवायला लागली, आणि नऊ वर्षांच्या एका पोराला तिनंच, हाताला धरून, ते शिकवलं होतं.



५

माणसाचं मन मोठं लबाड असतं. समोर दिसतंय ते नाहीच, असं तासभर तरी ते स्वतःला पटवू शकतं. डॉक्टर आमच्या घरी कितीदा सॉनाला आले, त्यांनी पाहिलं असेल. कुणीही पाहिलं असेल. लेम्पीनं बादली ओतून टाकली, लाकडं विस्कटली, पळी बाकावर फेकली आणि फोन लावले, शेवटचा काउंटीच्या पोलीसप्रमुखाला, शेरीफला.

साडेबाराला प्राइस कागदासाठी आलाच.

"साहेब, संध्याकाळी दुखवट्याची मंडळी इथं सॉना घेतील. माझी कंबर धरलीय, जरा आत आवरून द्याल?"

तो नाक मुरडत गेला. बादली अर्धीच भरली, निम्मं पाणी बुटांवर सांडलं, पळी पाण्यातच सोडून दिली. "हे असलं काम करायला मी कायदा शिकलो नाही," असं पुटपुटत निघून गेला.

डॉक्टर पावणेएकला आले. तिनं सांगताच आवरायला लागले. बादली काठोकाठ भरली. लाकडं रचली. पळी उचलली, क्षणभर हातात धरली आणि खिळ्याला टांगली. मग तिथंच बसून लहान मुलासारखे रडले. "वीस वर्षं याच खिळ्याला टांगली गं," म्हणाले.

ते गेल्यावर लेम्पीनं पुन्हा सगळं विस्कटलं.

एकला रेइनो आला. अंगात सभेचा कोट, बगलेत कागदांची पिशवी. तो संस्थेचा उपसचिव होता. पन्नाशीला टेकला होता, पण तिला अजून तो सर्दीनं नाक गळणारा नऊ वर्षांचा पोरगाच दिसायचा.

"ताई, झाली का सही? एलनला हॉलवर बसवून आलोय. म्हणाली, ताईला म्हणावं काही तरी खाऊन घे."

लेम्पीनं आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

"होईल. आधी एवढं आवर रे. माझ्यानं वाकवत नाही."

"आत्ता?"

"संध्याकाळी लोक येतील."

तो आत गेला. ती दाराशी उभी राहिली. त्यानं बादली भरली. खाली बसून लाकडं रचली, वर सालीचं भेंडोळं ठेवलं. पळी उचलली. चूक रे, ती मनात म्हणत होती. टांग त्या खिळ्याला. फेक कुठंही. एकदा तरी माझं ऐकू नकोस रे सोन्या.

रेइनोनं पळी बादलीच्या काठावर आडवी ठेवली. पालथी घातली. मग बोटानं जरासा ढकलून दांडा दाराकडे केला.

६

"सकाळीही अशीच होती," लेम्पी म्हणाली.

तो वळला. तिच्याकडे पाहिलं, मग पळीकडे, मग रिकाम्या खिळ्याकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"दहा मिनिटं," तो अखेर म्हणाला. "दहा मिनिटं कोंडणार होतो फक्त. शपथपत्रावर सही करतो म्हणा, दार उघडतो, म्हटलं. ते आतून ओरडत होते, दार ठोकत होते. मग थांबले. मला वाटलं, हट्ट करतायत."

"आणि दलदल रस्त्याची पत्रं?"

"आमच्या भट्टीत घातली. महिन्यापूर्वी." तो बाकावर बसला. "तू ऐकलंयस का कधी, ताई, पहाटे एलनचा श्वास कसा वाजतो ते? मी ऐकतो रोज. ती झोपेत मोजत असते, एक, दोन, तीन. आणि एक्केचाळीस म्हातारे ठरवणार, तिनं किती मोजायचं ते?"

"त्यांनाही विचारायला हवं होतं रे. त्यांचाही दवाखाना आहे."

"त्यांनी नाहीच म्हटलं असतं."

"म्हटलं असतं कदाचित. पण तू विचारलंच नाहीस. ज्यानं विचारलं, त्याला मारलंस."

रेइनोनं हातांत डोकं धरलं. "मला कळलंच नाही मी पाणी कधी भरलं. शपथ. ते मेले होते, आणि मी पाणी भरत होतो." मग मान वर करून, अगदी हळू म्हणाला, "तूच शिकवलंस."

"हो. मीच शिकवलं."

"लिहू नकोस ताई. एक सही कर. त्यांना कुणी पोरबाळ नाही. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी."

एलनसाठी. लेम्पीला मनापासून वाटलं, लिहावं. चार अक्षरं, खाली सही, आणि पोर जगते. कुणाला कळणार आहे? तिनं खिशातून कागद काढला. तो गुडघ्यावर ठेवला. आणि तिला तो हात दिसला, एक्याऐंशी वर्षांचा, लाल कुसळ रुतलेला, आपल्याच दाराला धडका देणारा. तिनं 'नैसर्गिक' या शब्दावर काट मारली. खाली लिहिलं: दुसऱ्या माणसाच्या हातून. सही केली. अक्षर तिला स्वतःचं वाटलं नाही.

"शेरीफ बाहेर गल्लीत उभा आहे," ती म्हणाली. "चल. मी येते फाटकापर्यंत."

ती आधी निघाली. दोन पावलांवर मागं वळून बघते तर रेइनो दारात थबकलेला. तो परत आत गेला. तिचा जीव टांगणीला लागला. पण त्यानं फक्त बादलीवरची पळी उचलली आणि काकांच्या खिळ्याला टांगली. मग बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

दोन वाजता सहकारी हॉल गच्च भरला होता. आर्वोकाकांची खुर्ची रिकामी, शेजारची उपसचिवाचीही रिकामी. प्राइस घड्याळ बघत होता. दलदल रस्त्यावरची मंडळी औनेच्या निरोपावरून आली होती, बुटांचं बर्फ झटकत, काही न समजून, भिंतीला ओळीनं उभी होती. लेम्पीनं कागद अध्यक्षांपुढं ठेवला. ते वाचून उठले. शपथ घ्यायला कुणी नाही, आज मतदान होणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये कुजबुज उठली आणि विरली.

पहिल्या रांगेत एलन बसली होती. मांडीवर प्राणवायूची छोटी टाकी, नाकात नळी, अंगात ठेवणीतला निळा स्वेटर. शेजारच्या खुर्चीवर तिनं रुमाल टाकून नवऱ्याची जागा धरली होती, आणि ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती.

लेम्पी तिच्याकडे चालत गेली. तीस वर्षं दवाखान्यात आणि पुढं कॉरोनर म्हणून कितीतरी जणांना तिनं वाईट बातम्या दिल्या होत्या. आजची भावजयीला द्यायची होती.

एलननं तिला पाहिलं आणि हसून रुमाल उचलला.

"बसा ताई, तो येईपर्यंत. खाल्लंत का काही?"

लेम्पी रेइनोच्या जागेवर बसली आणि तिनं एलनचा हात हातात घेतला.